वहिनीला ‘बेटर दॅन’ म्हणता येईना

बोईसरला मोबाईलच्या दुकानाच्या वर, भाड्याच्या खोलीत मी इंग्रजी बोलण्याचा क्लास घेते. कंपन्यांची शिफ्ट सुटली की पोरं येतात, बिग-बिगर-बिगेस्ट घोकतात आणि जांभया देत घरी जातात. त्यांनी मला कधी त्रास दिला नाही. माझं डोकं खाल्लं ते माझ्या सख्ख्या वहिनीनं.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. जवळच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दांडी गावाहून मासळी आणून बोईसरच्या बाजारात बसते. बारावी झालेली, बोलायला खमकी. पण बर्फात हात घालून घालून तिची बोटं फुटली होती आणि बर्फ सोडा, नाहीतर हात कामातून जातील, असं डॉक्टरनं बजावलं होतं. तिला कंपनीत रिसेप्शनवर नोकरी हवी होती.

मी म्हटलं, सोपं आहे. “म्हण वहिनी, माय फिश इज बेटर दॅन हर फिश.”

वहिनीनं वही मिटली. “असं नाय बोलायचं.”

“का गं?”

“शेजारणीच्या मासळीला आमी नाव नाय ठेवत. गिऱ्हाईक विचारतो, कोणाची ताजी? आमी सांगतो, सगळ्यांची ताजी हाय, बघून घ्या.”

“अगं, ही वहीतली शेजारीण आहे!”

“वहीतली असली म्हणून काय झालं, बाय? बाजूला बसलीय ना?”

घ्या! बाजारातली ही रीत मला काही नवी नव्हती. त्या रांगेतल्या बायका जागेवरून कचाकचा भांडतील, एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील, पण गिऱ्हाईकासमोर एकीची मासळी दुसरीपेक्षा चांगली म्हणणार नाहीत. एखादीला घरी धावावं लागलं तर तिची टोपली शेजारीणच विकून देते. एरवी मला याचं कौतुक वाटायचं. क्लासमध्ये मात्र नुसता ताप झाला.

मासळी सोडून बोटी घेतल्या. तर दुसऱ्याची बोट मोठी म्हणायला ही एका पायावर तयार, आपली मोठी म्हणायला नाही. शेवटी वैतागून मी म्हटलं, “बरं, दादावर बोल!”

मग काय विचारता! माय हजबंड इज लेझियर दॅन युवर हजबंड. माय हजबंड इज द लेझिएस्ट मॅन इन दांडी. एकदाही न अडखळता, वर हात नाचवून. तिला न्यायला आलेला दादा दारातच उभा होता. त्याला शब्द कळला नाही, पण छाती फुगली. “बघ, कशी फाडफाड बोलते!” म्हणाला. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पहिल्या मुलाखतीला मीच तिला रिक्षानं घेऊन गेले. कुंभवलीच्या बाजूला कंपनी. बाहेर बाकावर आणखी दोन मुली होत्या. वहिनीनं लगेच दोघींची चौकशी केली, एकीला पाणी दिलं, दुसरीची ओढणी नीट करून दिली. मी तेव्हाच कपाळाला हात लावला. आत साहेबांनी विचारलं, त्या दोघींपेक्षा तुम्ही बेटर कशा? ही म्हणाली, ऑल गुड, सर.

नोकरी हुकली. परत येताना मी तिला फैलावर घेतलं. “साहेबाला मासळी विकत होतीस काय गं?” मला वाटलं हसेल. ती रडायला लागली.

“मला पायजे होती गं ती नोकरी,” म्हणाली आणि पदराखालून हात काढून दाखवले. पेरांना चिरा पडल्या होत्या.

मग मात्र तिनं मनावर घेतलं. पोरं गेल्यावरही बसायची. आय ॲम बेटर दॅन देम, म्हणायची आणि दाराकडे बघायची, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मी म्हणायचे, मोठ्यानं! ती मोठ्यानं म्हणायची.

दुसऱ्या कंपनीत जागा एकच होती, आणि बाकावरही एकच मुलगी होती. वहिनी तिच्याशी बोलली नाही, मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. शाब्बास, मी मनात म्हटलं आणि गेटवर जाऊन थांबले. आत तोच प्रश्न आला, वहिनी घडाघडा बोलली, आणि साहेबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, सोमवारपासून या. गेटवरच मी तिला मिठी मारली. रिक्षावाल्याला म्हटलं, आधी पेढ्यांच्या दुकानावर घे.

वहिनी पदराचं टोक पिळत बसली.

“आता काय झालं?”

“मी भायेर आले, तशी ती पोर उठली. मला विचारते, ताई, जागा हाय ना अजून?”

“मग?”

“हाय म्हटलं. जा, घाबरू नको म्हटलं.” ती मान वळवून मागे रस्त्याकडे बघत होती. “आता आत बसली असंल गं ती. काय काय सांगत असंल.”

रिक्षा पेढ्यांच्या दुकानासमोर थांबली. आम्ही दोघीही उतरलो नाही.