धूर आमच्याच रानातला

गेल्या आठवड्यात बारामतीला बँकेतलं काम आवरून निघत होते, तेवढ्यात गावाकडून नामदेवतात्यांचा फोन आला. आबांना दम लागलाय, गाडीत घालून आणतोय, तू थेट दवाखान्यात ये...

आबा म्हणजे माझे वडील. तात्या आमचे शेजारी. गाव इंदापूर तालुक्यात, चहूबाजूंनी ऊस. आबांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही, तरी त्यांची फुप्फुसं बिडी ओढणाऱ्यासारखी झालीत असं डॉक्टर म्हणतात.

ऊस तुटून गेला की रानात वाळलेला पाला राहतो, पाचट. लोक ते पेटवून देतात. मग संध्याकाळी सगळ्या शिवारावर धूर बसतो, दोरीवरचे कपडे काढताना हाताला काजळी लागते... आमच्याकडे थंडीच्या आधी खोकला येतो.

दिवाळीनंतर आबा एकदा ॲडमिट होऊन आले होते. म्हणून मी मुद्दाम तात्यांकडे गेले होते. त्यांचं रान आमच्या घराला लागूनच, ऊस नुकताच तुटलेला. यंदा पाचट पेटवू नका, असं हात जोडून सांगितलं. ते म्हणाले, बरं, दोन ओळींमधल्या सरीत दाबून टाकतो. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नव्हता. हो म्हणणारे पुष्कळ असतात...

त्यामुळे दवाखान्यात पोचेपर्यंत मी मनातल्या मनात तात्यांनाच बोलत होते. आत आबांच्या तोंडाला वाफेचा मास्क, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. दाराशी तात्या उभे. अंगाला जळकट वास, उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं.

शेवटी पेटवलंतच ना, असं मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

तात्या खाली बघत म्हणाले, "माझं न्हाय गं पोरी. तुमचंच रान हाय. आबांनीच काडी लावली."

मी आत आबांकडे बघितलं...

हळूहळू सगळं कळलं. कालव्याचं पाणी येणार होतं, खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या उसाच्या नव्या फुटव्याला, ते द्यायचं तर त्याआधी रान मोकळं हवं. पाचट दाबायला माणूस मिळेना. आबांनी कुणाला न सांगता पेटवलं आणि वारा फिरला. धूर त्यांच्याच अंगावर आला, ते बांधावर बसले ते उठेनातच. तात्यांनी आत शिरून त्यांना ओढून बाहेर काढलं. आपल्या भावाला ट्रॅक्टर फिरवून आग अडवायला सांगितलं आणि स्वतः गाडी काढली. हात भाजलाय हे त्यांना अर्ध्या वाटेत समजलं.

दुसऱ्या दिवशी आबांचा मास्क काढला. मी चांगलंच बोलणार होते. पण ते छताकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "जन्मभर असंच रान साफ केलं. दुसरं कुठं येतंय मला?"

त्यांना पाणी दिलं आणि पाय दाबत बसले.

आबांना घरी आणलं, तेव्हा रान अर्धं काळं होतं. उरलेल्या अर्ध्यातलं पाचट कुणीतरी नीट सरीत दाबून ठेवलेलं, वरून पाणी चाललेलं. आई म्हणाली, तात्या दोन दिवस खपत होते, एका हातानं. त्यांच्या घरी गेले तर त्या विषयावर बोलूच देईनात, आबा जेवले का एवढंच विचारत राहिले.

परत निघताना पलीकडच्या शिवारात पुन्हा धूर दिसला. कुणाचं रान ते विचारलं नाही. दर वर्षी कुणाकुणापुढे हात जोडायचे? फार थकायला झालंय...

आज सकाळी आईचा फोन आला, आबा रात्रभर बसून न राहता आडवे होऊन झोपले म्हणाली. बऱ्याच दिवसांनी. तात्या, तुम्ही फेसबुकवर नाही. तरी इथे लिहिते... तुमचे उपकार आहेत.