मागच्या सीटवरच्या दोघी

खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांचं अर्धं आयुष्य हॉलबाहेर ताटकळण्यात जातं. चहा प्यायचा, घड्याळ बघायचं, पुन्हा चहा प्यायचा. मग किस्से साचणारच की! आता केतकीचं नाव पेपरात येतं, तिची मॅच मोबाईलवर लाइव्ह दिसते, आणि सोसायटीतले लोक मला विचारतात, "ती तुमच्याच गाडीतून जायची ना?" हो, माझ्याच! मी, माझी मुलगी ऋचा, तिची मैत्रीण केतकी आणि केतकीची आई सुनीताताई. डोंबिवलीहून निघायचं, ठाकुर्लीत मायलेकींना घ्यायचं आणि बाळकुमच्या बॅडमिंटन हॉलवर पोचायचं. वर्षानुवर्षं हेच.

*

पिसांच्या शटलना मॅचच्या आदल्या दिवशी वाफ दिली की ती जास्त टिकतात. सुनीताताई हे काम मोदकपात्रात करायच्या. एका वर्षी ऐन गणपतीत जिल्ह्याची स्पर्धा आली. मग काय, आधी शटल आणि लगेच त्याच पात्रात मोदक!

आरतीनंतर केतकीच्या बाबांनी मोदक फोडला, आतून एक पांढरं पीस ओढून काढलं आणि शांतपणे विचारलं, "सुनीता, हा खायचा की स्मॅश मारायचा?"

*

मॅचसाठी नाव तीनदा पुकारतात. तोवर खेळाडू आला नाही तर समोरच्याला वॉकओव्हर. त्या सकाळी माजिवड्याला गाडी जी अडकली ती हलेचना. हॉलवरून ऋचाचा फोन, ती आदल्या रात्री ठाण्यात मावशीकडे राहिलेली. "बाबा, पहिला कॉल झाला!"

मागचं दार उघडलं. केतकी किटबॅगसकट उतरली आणि रिक्षांमधून वाट काढत धावत सुटली. तिसऱ्या कॉलला पोरगी कोर्टवर! अंपायर म्हणाले, "दोन मिनिटं वॉर्मअप कर."

केतकी धापा टाकत म्हणाली, "सर, माजिवड्यापासून तेच करत आलेय!"

*

सुनीताताई लेकीची मॅच बघतच नाहीत. छातीत धडधडतं म्हणे. त्या समोरच्या मुलीच्या आईकडे बघत बसतात. एकदा नाशिकच्या एक बाई वैतागल्या, "अहो, मघापासून काय टक लावून बघताय माझ्याकडे?"

"सॉरी हं. मला स्कोअर तुमच्या तोंडावरूनच कळतो," सुनीताताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "जरा हसणं थांबवाल का?"

*

सगळंच काही हसण्यावारी नव्हतं. एकदा केतकी पहिल्याच राउंडला उडाली. तीही सोप्या मॅचमध्ये, स्वतःच्याच बॅकहँडच्या चुकांवर. परतताना मला धास्ती वाटत होती, की ही आता खेळ सोडते की काय! ठाकुर्ली जवळ आलं तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "काका, गाडी वळवा ना."

मी वळवली. पोचलो तेव्हा दोघी पोरींचे कोच प्रधान सर हॉलला कुलूप लावत होते. "काय गं, काय विसरलीस?"

"बॅकहँड, सर."

सरांनी कुलूप काढलं.

*

आणि ती सिलेक्शनची फायनल. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या संघात एकच जागा उरलेली, आणि समोरासमोर कोण? केतकी आणि आमची ऋचा! सकाळी दोघी नेहमीसारख्या मागे शेजारी-शेजारी बसल्या. सुनीताताई पुढे, माझ्याकडे न बघता. खोटं कशाला बोलू, मला ऋचाच जिंकायला हवी होती. अगदी मनापासून.

कोर्टच्या दोन्ही टोकांना कोचसाठी खुर्ची असते. पण दोघीही एकाच कोचच्या असल्या की कोच कुणाच्याच बाजूला बसत नाही, असा रिवाज आहे. सर मॅच सुरू होताच बाहेर निघून गेले. दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

पहिला गेम ऋचाचा, दुसरा केतकीचा. तिसऱ्यात ऋचा अकरा, केतकी दहा. अकरा झाले की मिनिटभराचा ब्रेक. एरवी याच मिनिटात सर काय चुकतंय ते सांगतात. दोघी आपापल्या रिकाम्या खुर्चीपाशी घाम पुसत उभ्या राहिल्या. मग केतकी नेटच्या खांबापाशी आली. ऋचाही आली. दोघी भराभर काहीतरी बोलल्या. अंपायर ओरडले, "चला, कोर्टवर!"

पुढचे सगळे पॉइंट मी उभ्यानेच बघितले. केतकी जिंकली. फक्त दोन पॉइंटनी!

मी आणि ऋचा गाडीपाशी आलो. सुनीताताई आणि केतकी अजून आत होत्या. मी विचारलं, "ब्रेकमध्ये काय बोलत होतात?"

"तिने विचारलं, माझं काय चुकतंय. मी म्हटलं, नेटजवळ ड्रॉप टाकायच्या आधी तुझा खांदा पडतो, मला आधीच कळतं."

मी चक्रावलोच. "अगं, सिलेक्शनची फायनल! तू कशाला सांगितलंस?"

"मग ती कोणाला विचारणार? सर बाहेर गेलेले ना!"

"आणि तिने तुला?"

ऋचाने किटबॅग डिकीत टाकली.

"सांगितलं की, माझं काय चुकतंय ते. बरोबर होतं तिचं. मला जमलं नाही, बाबा."