काट्याआधीचं चलन

वाळूजच्या कारखान्यातली ती बैठक आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

मी तिथे कॉम्प्युटर विभागात कंत्राटावर होते. डिझाइनच्या खोलीतून शॉपवरच्या, म्हणजे उत्पादन विभागातल्या, मशीनला ड्रॉइंगच्या फाइली जायला अर्धा अर्धा तास लागायला लागला. आमच्या वरिष्ठांनी फाइली पाठवणाऱ्या कॉम्प्युटरवरच बसून बाहेर जाणारी पाकिटं, म्हणजे फाइलीचे छोटे छोटे तुकडे, टिपली. स्क्रीनभर एकच तक्रार: चेकसम चुकीचा. त्याचा फोटो मॅनेजरांपुढे ठेवून ते म्हणाले, "वाटेत डेटा खराब होतोय. केबलिंग निकृष्ट आहे."

केबल टाकणारे मामा दाराशीच उभे होते. खुलताबादकडचे, मेंढरं भावावर सोपवून शहरात आलेले. शॉपमधली प्रत्येक तार त्यांनी ओढलेली, प्रत्येक टोकाला स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी डकवलेली. त्यांचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही, हे त्याच बैठकीत ठरणार होतं.

चेकसम म्हणजे पाकिटातल्या मजकुराची बेरीज. पोचल्यावर ती पुन्हा करून बघायची. जुळली तर मजकूर शाबूत. पूर्वी ही बेरीज ऑपरेटिंग सिस्टीम करायची. आता ती हे काम नेटवर्क कार्डावर सोडते, आणि पाकीट बाहेर पडतानाच कार्ड खरी बेरीज भरतं. वरिष्ठांनी पाकिटं टिपली ती कार्डापर्यंत पोचायच्या आधी. बेरीज चुकीची दिसणार नाहीतर काय! आयुष्य याच खात्यात काढलेल्या माणसाला एवढंही कळू नये?

मला कळत होतं. "सर, ते कार्ड..." एवढं बोललेही.

"मोबाइलवर बघून मला शिकवू नका," वरिष्ठ म्हणाले.

माझ्या कंत्राटावरही त्यांचीच सही लागायची. मी वहीत डोकं खुपसलं.

मामा मात्र पुढे आले. "साहेब, ही पाकिटं कुठं धरली?"

"याच कॉम्प्युटरवर."

"म्हंजी माझ्या तारंत शिरायच्या आधीच. मग तारंनं काय केलं? गेटवर बघा की. चलनावरचा वजनाचा रकाना इथं कोराच ऱ्हातो, वजनकाट्यावर ट्रक चढला की भरत्यात. तुमी काट्याच्या आधीच चलन बघायलात आन् म्हणायलात, वजन नाय!"

सगळे हसले. मॅनेजर म्हणाले, "मामा, हे ट्रकचं काम नाही." ज्या माणसानं त्या खोलीतली एकमेव बरोबर गोष्ट सांगितली, त्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मला अजून त्या हसण्याची चीड येते.

पुढचा प्रताप ऐका. वरिष्ठांनी कार्डाचं ते काम बंद करून बेरीज पुन्हा सिस्टीमच्या गळ्यात मारली. स्क्रीनवरच्या तक्रारी गेल्या, साहेब खूश. फाइली मात्र तशाच रखडत होत्या. आठवडाभर वाट बघून मी कार्डाचं काम परत सुरू केलं आणि पाकिटं शॉपच्या टोकाला टिपली. तिथे बेरजा बरोबर होत्या. मग सगळ्या तारा जिथे येऊन जुळतात तो नेटवर्क स्विच तपासला, तर शॉपच्या तारेचं पोर्ट एका वेळी एकाच बाजूनं बोलावं अशा जुन्या सेटिंगवर अडकवलेलं. अडकवलं कुणी? आमच्याच वरिष्ठांनी, मागे कधीतरी. मी ते मोकळं केलं आणि फाइल चहा ओतेपर्यंत पोचली.

"सर्वांच्या प्रयत्नांना यश" असा मेल आला. त्या बैठकीच्या अहवालातलं "केबलिंग निकृष्ट" तसंच राहिलं. ते बदला म्हटलं तर मॅनेजर म्हणाले, "आता कशाला उकरताय?" मामांना साधा फोनही कुणी केला नाही.

शेवटी मीच केला. तार चांगली होती, दोष स्विचच्या सेटिंगचा होता, असं घाईघाईनं सांगून टाकलं.

"मला ठावं व्हतं," ते शांतपणे म्हणाले. "तुमाला बी त्या दिशी कळलं व्हतं ना, ताई?"

मी हो म्हणाले.

"मग मी एकटाच का बोलत व्हतो?"