जहाजाची वाट बघून आखडलेली मान

अद्नान खलाशी आहे. म्हणजे होता, आणि पुन्हा होणार आहे, असं तो सांगतो. गेल्या पावसाळ्यात जहाजावरून उतरून गुहागरात घरी आला आणि तेव्हापासून फोनमध्ये डोकं घालून बसलाय. आळशी म्हणू नका त्याला. एजंटचा एक ग्रुप आहे. त्यात कधीही मेसेज पडतो, ‘एक खलाशी पाहिजे, लगेच’, आणि जो सगळ्यांत आधी ‘रेडी’ टाकेल त्याचं नाव पुढे जातं. अद्नान नेहमी दुसरा. एकदा तर निव्वळ जेवताना हात सारात होता म्हणून. शाळेत माझ्याबरोबर पहिला बाक सोडून सगळीकडे बसलेला हा माणूस आता पहिला यायला धडपडतोय, असं मी त्याला चिडवायचो.

घरात रेंज नाही. विहिरीच्या कठड्यावर मिळते. तिथे हा सकाळपासून मान खाली घालून बसलेला. शेजारची चाची येता-जाता विचारायची, “बादली पडली काय रे?”

मग मान दुखायला लागली. खांदा, दंड, शेवटी अंगठ्याला मुंग्या. एक दिवस त्याच्या हातातून चहाचा कप आपसूक सुटला. त्याची अम्मी रोज ‘आला काय मेसेज?’ विचारायची. त्या दिवसापासून तिने विचारायचं बंद केलं. वडील गेल्यापासून घर याच्याच पगारावर. मीही चिडवायचं थांबवलं आणि त्याला गाडीवर घालून फिजिओथेरपीला नेलं.

तिथल्या योगिनी मॅडमनी त्याची मान हलवून बघितली, बोटं दाबायला लावली आणि पहिलं वाक्य टाकलं, “आधी फोन बंद. निदान थोडे दिवस.”

“मॅडम, मान अशीच राहिली तर जहाजाच्या मेडिकलला पास होत नाय,” अद्नान म्हणाला. “आणि फोन सोडला तर मेडिकलपर्यंत पोचतच नाय.”

मॅडमना हसू आलं, मग आलेलं गेलं. शेवटी तोडगा असा निघाला, की फोन त्याच्या बहिणीकडे, हुदाकडे. व्यायाम चालू असताना ती स्टुलावर बसून ग्रुप बघणार.

“हिची पण मान जाईल,” मी म्हणालो.

“मी डोळ्यांसमोर धरते, शहाण्या,” हुदा म्हणाली. खरंच धरायची, आरशासारखा.

मानेखाली टॉवेलची गुंडाळी, हनुवटी आत, सोडा, पुन्हा आत. दुखणं हळूहळू उतरलं. रात्रीची झोप लागू लागली. उजव्या हातात मात्र जोर येईना.

परवा मॅडमनी आपली दोन बोटं त्याच्या मुठीत दिली होती, तेवढ्यात हुदा उठली. “भाय, आला! एक खलाशी. टाकू?”

अद्नानने बोटं आवळली. कपाळाची शीर तटतटली. मॅडमनी बोटं सहज काढून घेतली.

“मेडिकलला कळेल?” त्याने विचारलं.

“मान फिरतेय आता. हात कोणी नीट बघितला नाही तर...” त्या थांबल्या. “नाही कळणार कदाचित.”

“भाय, लवकर सांग!”

तो छताकडे बघत होता. “जहाज धक्क्याला लावताना दोर हातात असतो,” तो म्हणाला. “तो सुटला तर शेजारच्याचा पाय जातो. मी बघितलंय.”

“मग टाकू का नको?”

“पालथा ठेव.”

हुदा हलेना. तिचा अंगठा पडद्यावर तसाच.

“हुदा. पालथा ठेव म्हणतो ना.”

तिने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने फोन मांडीवरच थरथरला. कोणीतरी ‘रेडी’ टाकलं असणार. अद्नानने डोळे घट्ट मिटले. पापण्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं, पुसायला त्याने हात उचलला नाही. घरी जाऊन अम्मीला काय सांगायचं, हे आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं.

मॅडमनी पुन्हा दोन बोटं पुढे केली.

“दाबा,” त्या म्हणाल्या.