गुडघ्यावरचा तो फोटो

जय ख्रिस्त, मंडळी. आज संध्याकाळच्या उपासनेतला माझा फोटो ग्रुपवर फिरतोय. मी गुडघ्यावर बसून शांताबाईंचे पाय धुतोय. खाली लिहिलंय, "किती नम्र सेवक!" आता त्याआधीचं ऐका.

लातुरात आमच्या गल्लीत आठवड्यानं टँकर आला. सकाळी चर्चच्या आवारात यादी घेऊन पाणी वाटायला मीच उभा होतो. चर्च झाडणाऱ्या शांताबाई उशिरा आल्या. एक घागर उरली होती, पण ती मी संध्याकाळसाठी राखली होती. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्या आठवणीचा विधी होता आणि यंदा धुवायचा मान माझा. "आता न्हाई मिळणार," म्हणालो. त्या रिकाम्या हातानं गेल्या.

संध्याकाळी ज्यांचे पाय धुवायचे, त्या बारा जणांतला एक आलाच नाही. पाळकसाहेबांनी त्या खुर्चीवर शांताबाईंना बसवलं. मी तांब्या उचलला, तसे त्यांनी पाय मागं घेतले. हळूच म्हणाल्या, "भाऊ, पाय राहू द्या. हे पाणी घरी नेऊ का? प्यायला थेंब न्हाई."

सगळे बघत होते. मला उठताही येईना, ओतताही येईना.

शेवटी ओतलं. भरल्या चर्चमध्ये विधी मोडायची हिंमत झाली नाही.

उपासना संपल्यावर शांताबाई परातीतलं ते बारा जणांच्या पायांचं पाणी बादलीत भरत होत्या. "भांडी तरी निघतील," म्हणाल्या.

उद्या माझ्या घरची घागर घेऊन त्यांच्या दारी जाणार आहे. खरं सांगा, तुम्ही त्याचाही फोटो काढाल ना?