बस्त्याची तिसरी पायरी

मोबाईलवरून सामान मागवायला मला सुनेनं शिकवलं आणि त्या मोबाईलला वठणीवर आणायला मी तिला शिकवलं. साडी पसंत करायची, टोपलीत टाकायची, पत्ता घालायचा आणि शेवटचं बटण दाबायच्या ऐन वेळी फोन उशीखाली ठेवून भजी तळायला निघून जायचं. दोन दिवसांत तो आपण होऊन विनवण्या करायला लागतो, की तुमची साडी तुमची वाट बघायली, भाव कमी करतो, पण या!

सून म्हणते, "आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी म्हणते, माझ्या आत्यानं. आत्याला अक्षरओळख नव्हती. पण दुकानदाराकडं पाठ फिरवून, तो हाक मारेपर्यंत किती सावकाश चालायचं, हे तिच्याइतकं उभ्या मराठवाड्यात कुणाला जमलं नाही. तिच्या त्या चालण्यावर माझं लग्न लागलेलं आहे. मी हे वाढवून सांगते असं आमच्या घरात म्हणतात. म्हणणारे निम्मे तेव्हा जन्मले नव्हते आणि जो जन्मलेला होता तो नवरदेव होता. त्याला त्या आठवड्यात काहीच दिसत नव्हतं.

लातूर जिल्हा झाला, तो काळ. पाऊस बहुतेक जुन्याच जिल्ह्याच्या पत्त्यावर जात असावा. आमच्याकडं काही पोचला नाही. नळ फिरवला की नुसता वारा यायचा, त्यात आम्ही पोरी केस वाळवायचो. ते केस धुवायला पाणी कुठलं, असं गोष्टीच्या मध्येच विचारू नये. गल्लीतल्या चिमण्या सुद्धा धुळीतच आंघोळ उरकून कामाला लागायच्या.

पण गावाचा रुबाब काय वर्णावा! जिल्हा झाल्याची खबर आली आणि दुकानांना पालवी फुटली. पंक्चरवाल्यानं पाटीवर 'जिल्हास्तरीय' असं रंगवून घेतलं. न्हाव्यानं खुर्ची बदलली नाही, पण आरसा बदलला, त्यामुळं तेच जुने चेहरे आम्हाला मोठ्या साहेबांचे वाटायला लागले. पोत्यातून मापानं मिळणारा चहा पुडीत जाऊन बसला. आणि गोलाईच्या, म्हणजे आमच्या जुन्या गोल बाजारपेठेच्या बाहेर, नव्या कचेऱ्यांच्या वाटेवर, काचेच्या दाराचं एक कापडदुकान उघडलं. मालक परगावचा, तरणा, पायात लेसचे बूट. भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलेलं: 'एकच भाव. कृपया घासाघीस करू नये.'

आता आमच्याकडं लग्नाची कापडं घेणं म्हणजे बाजारहाट नव्हे, त्याला बस्ता म्हणतात. नवरीचा शालू, नवऱ्याचा पोशाख, सगळ्या मानकऱ्यांची लुगडी-टोप्या एकाच दुकानात, एकाच बैठकीत घ्यायच्या आणि एका चादरीत गाठोडं बांधायचं. दोन्हीकडची पंधरावीस माणसं पायऱ्यांवर चपला काढून पांढऱ्या गादीवर पसरायची. दुकानदार चहा पाजायचा, पोहे खिलवायचा. दुपार कलायला लागली की आत्या उठायची.

आत्या देवणीकडं दिलेली, आणि बांधाही तिकडच्याच वळूचा. कुणाचाही बस्ता असला की तिला एसटीनं आणवायचे. गोलाईला सोळा रस्ते फुटतात. आत्या एका रस्त्यानं आत आली की उरलेल्या पंधरा रस्त्यांवरचे दुकानदार 'आमच्याकडं न्हाई गेली' म्हणून देवाला नारळ फोडायचे. ती उठली की सगळा गोतावळा उठायचा. दुकानाला तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर आत्या एक चपल घालायची, तेव्हा दुकानदार हसायचा. दुसऱ्या पायरीवर दुसरी चपल, तेव्हा त्याचं हसू थांबायचं. तिसऱ्या पायरीवर ती फक्त उभी राहायची, आभाळाकडं बघत. मग मागून हाक यायची, "अवो आत्याबाई, या माघारी!" साऱ्या आयुष्यात तिचं पाऊल तिसऱ्या पायरीच्या खाली पडलेलं नव्हतं.

माझ्या लग्नात कपड्यांची चिंता नव्हती, चिंता पाण्याची होती. मांडवात तीनशे माणूस जेवणार आणि घरात रांजणभर पाणी. टँकरचा भरवसा नाही. पाणी नसेल तर लग्न पावसाळ्यानंतर करू, असा निरोप नवरदेवाकडून आलेला होता, आणि पावसाळा येईल याचा भरवसा तर टँकरपेक्षाही कमी. पण आत्यानं तोड काढली होती. गोलाईतल्या म्हाताऱ्या कापडवाल्याच्या परसात जुना आड होता, त्याला अजून पाणी होतं. आत्यानं त्याच्याशी ठरवून टाकलं: बस्ता तुझ्याकडं, शंभर घागरी पाणी आमच्या मांडवाला. मी सुटले असं समजून हळद दळायला बसले.

तेवढ्यात सासूबाई आडव्या आल्या. त्यांचा मुलगा नव्या कलेक्टर कचेरीत कारकून लागलेला. त्या दिवसापासून त्या अशा चालायच्या, जणू अर्धा जिल्हा त्यांच्या पदरात बांधलाय. म्हणाल्या, "बस्ता त्या काचेच्या दुकानात. आता जिल्ह्याचं गाव हाय. गादीवर लोळत बस्ता बांधायचे दिवस गेले."

आत्या म्हणाली, "इहीणबाई, काच पिऊन तहान भागती का?"

"मग लग्न दिवाळीनंतर करू की. आमची काही घाई न्हाई."

घाई मला होती. पण नवरीनं तसं बोलायचं नसतं, म्हणून मी नुसती खोकले. आत्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चला, काचेच्या दुकानात."

तिथं सगळंच अवघड. गादी नाही, उंच स्टुलं. आमची माणसं त्यांवर चिमण्यांसारखी टांगून बसली. चपला काढायच्या नाहीत म्हणाले, मग उठून जाताना घालायचं काय? आणि प्रत्येक कापडाला चिठ्ठी, चिठ्ठीवर भाव. आत्यानं अर्ध्यापासून सुरुवात केली. मालक हात जोडून म्हणाला, "बाई, आमच्याकडे एकच भाव असतो."

"तो तुमचा झाला. आमचा सांगायली मी."

"एकच म्हणजे दोघांचा मिळून एकच."

तेवढ्यात सासूबाईंनी घात केला. शालू समोर आला आणि त्यांनी करंडा काढून त्याला कुंकू लावलं. आमच्याकडं भाव ठरल्यावर कुंकू लावतात, कारण कुंकू लागलेलं कापड परत ठेवत नाहीत. पण चिठ्ठीवर भाव आहेच, मग थांबायचं कशाला, असा त्यांचा जिल्हास्तरीय हिशोब. आत्या कळवळली, "अवो, काय केलं हे! पान वाढायच्या आधीच हात धुतला!"

तरी ती उठली. तिच्या मागं आम्ही बारा जण स्टुलांवरून उड्या टाकून उठलो. सासूबाई शालूला धरून आतच बसल्या. काचेचं दार ढकलून आम्ही बाहेर आलो आणि दार स्प्रिंगनं आपोआप मिटलं. आता मालकानं शंख फुंकला असता तरी ऐकू आलं नसतं. पायऱ्या दोनच. आत्या तिसरी शोधत रस्त्यावर उतरली! तिच्या आयुष्यात पहिल्यांदा.

हाक आली नाही.

ऊन असं, की सावल्यासुद्धा माणसांच्या पायाखाली शिरून बसलेल्या. आत्यानं खाली वाकून आपल्याच हातानं आपल्या चपलेचा अंगठा उपसला आणि तो बसवायला लागली. एक अंगठा बसवायला बाई किती वेळ लावेल? त्या वेळात मांजरीची पिलं डोळे उघडतील. दादा, म्हणजे माझे वडील, हळूच म्हणाले, "अक्का, न्हाई बोलावत तो. आडाचं पाणीबी हातचं गेलं. पोरीचं लग्न दिवाळीनंतरच करू."

"सबर धर," आत्या वाकलेलीच म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "ए, इकडं बघ. हे काय वाह्यलंय?"

ती वाकली होती म्हणून दिसलं. दुकानाच्या बाजूनं नाली जात होती आणि नालीतून पाणी वाहत होतं. लातुरात! नितळ पाणी! एक शेळी ते पीत होती आणि मधूनमधून मान वर करून इकडंतिकडं बघत होती, कुणाला कळलं तर नाही ना म्हणून. आम्ही नालीच्या उगमाकडं गेलो. मागच्या अंगणात बोअर चालू होतं आणि दुकानाचा नोकर नळीनं फरशी धूत होता. फरशी! आमच्यातल्या दोघीतिघींनी तिला हात जोडले.

मालक परगावचा. दुकान बांधताना बोअर घेतलं, पाणी लागलं, आणि लातुरात त्या साली कापडापेक्षा पाणी भारी आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्यानं चपल झटक्यात घातली आणि न बोलावता माघारी गेली. हेही आयुष्यात पहिल्यांदा. आत मालक कुंकू लागलेल्या शालूचं दुसरं टोक धरून रडकुंडीला आलेला. तो शालू आता दुसरं कोण घेणार? आत्या स्टुलावर चढून बसली आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, "भाऊ, भाव तुमचा. छदाम कमी करू नका. चिठ्ठीवर हाय तेच."

मालकाला घाम फुटला. एवढं सरळ गिऱ्हाईक बघून कुणालाही फुटेल. "मग... काय पाहिजे, बाई?"

"काही न्हाई. लग्नाचं घर हाय. जरा पाणी लागंल."

"पाणी?" तो सुटल्यासारखा हसला. "एवढंच ना? लागेल तेवढं न्या!"

दादांनी टोपी सावरली. सासूबाईंचा आ वासलेला. एवढं उघडं वाक्य माणूस बोलू शकतो, हे आमच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं. आत्यानं मात्र डोळे मिटून मान हलवली आणि बस्ता बांधला.

दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानामागं घागरींची रांग लागली. "कोण तुम्ही?" नोकर विचारायचा. "नवरीकडचे," म्हणायचे आणि भरायचे. आमची गल्ली नवरीकडची, शेजारची गल्ली नवरीकडची. तिसऱ्या दिवशी हदगावकडचा एक ट्रकवाला ट्रक थांबवून रेडिएटर भरून गेला, तोही नवरीकडचा. मला इतके नातेवाईक होते हे मला त्या आठवड्यात कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी मालक स्वतः आमच्या दारात. बूट काढून आत आला. लग्नाला चार दिवस. मी हळदीच्या वासात दाराआड उभी.

"बाई, नवरीकडची माणसं किती आहेत?"

"लातूर," आत्या म्हणाली.

"बोअर हवा टाकायला लागलंय. आता बंद करतो मी. तुमच्या लग्नाला म्हणून चाळीस घागरी देतो, बास."

"दीडशे."

"लागेल तेवढं म्हणालो होतो, पण चूक झाली. पन्नास."

"तुमचा भाव एकच असतो म्हनं. सबूद एक नसतो का?"

"साठ. नसेल तर राहू द्या." आणि तो उठला.

आमच्या घरालाही तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर बसून त्यानं एक बूट घातला, लेस बांधली. दुसरीवर दुसरा. लेस सोडून पुन्हा बांधली. कुठं शिकला होता कोण जाणे! तिसऱ्या पायरीवर तो उभा राहिला आणि आभाळाकडं बघायला लागला.

मी आत्याकडं बघितलं. आता हाक मारायची. आत्याच्या गालात सुपारी, डोळे दारावर, आणि तोंड गच्च बंद. मग मला उमगलं. ही बाई जन्मभर हाक ऐकणारी. हाक मारायची कशी असते, हे तिला माहीतच नव्हतं! ती वाट बघत होती. तिकडं पायरीवर तो वाट बघत होता. आणि मधे माझं लग्न उभं होतं.

त्यानं पाऊल उचललं.

"अवो मालक!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी मी ओरडले. अंगाला हळद, केस मोकळे, दारात येऊन. "या माघारी!"

तो इतक्या चपळाईनं वळला की एक लेस पायरीत अडकून तुटली. शंभर घागरींवर सौदा पटला. वर आत्यानं एक अट घातली, की जेवायला यायचं आणि पंगतीत बसायचं. तो आला. पंगत उठल्यावर सासूबाईंनी सवयीनं दोन बोटं ओली केली, तर आत्यानं तांब्या त्यांच्या हातावर उपडा धरला. "धुवा इहीणबाई, कोपरापर्यंत धुवा. जिल्ह्याचं गाव हाय."

सारे हसले. नवरदेव हसला की नाही ते मला दिसलं नाही, मी खाली बघत होते. आत्या माझ्या कानाशी वाकली. मला वाटलं, शाबास म्हणते की काय.

"लई लवकर हाक मारलीस, माय," ती म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत जाऊ दिला असतास, तर दीडशेला आला असता."