सहा चमच्यांची अंगठी

माझी थोरली जाऊ उल्मेकेन चांदी हुंगून ओळखते. निदान आमच्या गवताळ माळावरच्या शाल्कर गावात तसं मानतात, आणि हे मानायला गावाला तिनंच शिकवलं. कुणी आजीचं कडं, वेणीतलं लटकन, अंगरख्याचं बटण घेऊन आलं की ती आधी ते गालाला लावते, मग हुंगते, मग दाताखाली धरते आणि डोळे मिटून गप्प बसते. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं. समोरच्या बाईचा जीव टांगणीला लागेपर्यंत ते चालतं. मग उल्मेकेन सांगते, हे अदाई टोळीच्या जुन्या कारागिराचं काम आहे, नाहीतर सांगते, घरी ने आणि नातीला खेळायला दे. तिसरा निकाल मी आजवर ऐकलेला नाही.

तशी ती शाळेच्या कोठारावर होती. तीस वर्षं खडू आणि वह्या सांभाळल्या. चांदीची विद्या तिला आली नव्वदच्या दशकात, जेव्हा जुनं राज्य कोसळलं, आमच्याकडे पगार बंद झाले आणि लोक आजीच्या पेट्या उघडून दारोदार फिरू लागले. माझा थोरला दीर रेल्वेच्या गोदामात होता, त्यामुळे तिच्या घरी पीठ होतं. एका पोत्याला एक जोड कडी, अर्ध्या पोत्याला गळ्यातलं. देणारी रडू लागली की ती दोन मुठी जास्त घालायची. आज ती सांगते की तेव्हा मी आपल्या लोकांचा वारसा वाचवला. वाचवला खरा, ज्यांचा होता त्यांच्यापासून.

पण मला सांगायचं आहे ते एका अंगठीचं.

आमच्यात मुलीची आई विहिणीला अंगठी देते. वर एकच रुंद नक्षीदार चकती आणि खाली दोन कडी, म्हणजे दोन बोटांत मिळून घालायची; दोन घरं तशी जोडलेली. ती लग्नात देत नाहीत. लेक सासरी सुखात आहे हे आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मगच देतात. म्हणून ज्या सासूच्या बोटात ही अंगठी दिसते तिच्याकडे बायका जरा वेगळ्या नजरेनं बघतात.

आमच्या सासूबाईंकडे अशी एक होती. त्यांच्या आईनं ती विहिणीला द्यायला घडवून घेतली आणि त्याच आठवड्यात सरकारकडून कळपांची जप्ती आली. अंगठी चुलीच्या भिंतीत लिंपली गेली. पुढे दुष्काळात माणसं गेली, भिंत राहिली. दिवस पालटल्यावर सासूबाईंनी अंगठी काढली, पण भीती काही निघाली नाही. त्यांनी ती जन्मभर कापसात गुंडाळून पेटीत ठेवली, एकदासुद्धा बोटात घातली नाही. मरताना आम्हा दोघी जावांना जवळ बोलावून म्हणाल्या, "मार्झियाच्या सासूला द्या. निदान ती तरी उजेडात घालील."

मार्झिया ही उल्मेकेनची एकुलती एक लेक. तिचं लग्न झालं गावापासून ऐंशी किलोमीटरवर, उंटपाळांच्या वस्तीत. उल्मेकेनला हे स्थळ मुळीच पसंत नव्हतं, पण मुलीनं ऐकलं नाही. वर्षभरानं आम्ही बघायला गेलो तर पोरगी गालांनी भरलेली, आणि तिची सासू रिस्ती स्वतः भांडी घासतेय. का, तर म्हणे सुनेला सहावा महिना आहे आणि पाणी थंड आहे. आता अंगठी देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. परत आल्यावर उल्मेकेननं पेटी उघडली, कापूस सोडला, आणि तिचा हात आखडला. अशी अंगठी, अन् जिच्या अंगाला उंटिणीच्या दुधाचा वास येतो तिच्या बोटात? तिला ते सोसवेना.

मग ती मला घेऊन दवाखान्यामागच्या दात बसवणाऱ्या माणसाकडे गेली. तो दातांच्या साच्यात काहीही ओतून द्यायचा. तिनं जेवणाचे सहा चमचे नेले, ते पांढऱ्या धातूचे, चांदीसारखे दिसणारे, आणि मन खाऊ नये म्हणून चांदीचं एक जुनं नाणं. खऱ्या अंगठीचा ठसा घेतला, चमचे वितळले, अंगठी तयार. ती जुनी करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तिला चरबी आणि काजळी चोळली आणि महिनाभर मेंढ्यांच्या लेंड्यांत पुरून ठेवली. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. त्या वर्षी आमच्या घरचं पीठसुद्धा तिच्याकडूनच येत होतं. हे मी अभिमानानं सांगत नाही.

अंगठी देताना उल्मेकेननं साऱ्या वस्तीसमोर भाषण केलं. दीडशे वर्षांची, अदाई कारागिराची, चार पिढ्यांच्या बोटांतून आलेली. रिस्तीचे डोळे भरले. तिनं हात पुसले, अंगठी दोन बोटांत चढवली, आणि तिथून पुढे ती काढली ती फक्त आंघोळीला. कणीक मळायची ती अंगठीसकट, धार काढायची ती अंगठीसकट.

एकवीस वर्षं गेली. एवढ्या काळात उल्मेकेन विहिणीकडे तीनदा गेली असेल. उंटांच्या वासानं तिचं डोकं दुखतं. इकडे गावात मात्र तिचं नाव वाढत गेलं. गेल्या नौरिझला, म्हणजे नववर्षाच्या सणाला, सांस्कृतिक भवनानं जुन्या दागिन्यांचा दिवस ठरवला: गावोगावच्या बायकांनी दागिने आणायचे, उल्मेकेननं पारखायचे, आणि जो सर्वांत जुना निघेल त्याचा मोठा फोटो भिंतीवर लागणार, खाली पारख करणारीचं नाव. त्या नावासाठी ती महिनाभर झोपली नव्हती. नवा मखमली कोट शिवला. आणि तिनंच अट घातली, की दागिन्यांवर नुसते आकडे हवेत, मालकिणीचं नाव नको. नाव कळलं की पारख पातळ होते, असं तिचं म्हणणं. लोकांनी माना डोलावल्या. काय ही सचोटी.

लाल कापडावर चाळीस वस्तू मांडल्या होत्या. उल्मेकेननं हुंगायला सुरुवात केली. एका म्हातारीचं लटकन नातीला खेळायला गेलं, एकीची कडी ट्रॅक्टरच्या पत्र्याची ठरली. म्हातारी बिचारी ते लटकन रुमालात बांधून भिंतीकडे तोंड करून बसली. मग आला सतरा नंबर, एक दुबोटी अंगठी. उल्मेकेननं ती गालाला लावली, हुंगली, चावली आणि डोळे मिटले. या वेळी ती इतका वेळ गप्प राहिली की मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. मलाही अंगठी ओळखू आली नाही, खोटं कशाला बोलू.

"या बायांनो, शिका जरा," ती म्हणाली. "हिच्या आत बघा. दोन कडी जिथं एकमेकींना घासतात तिथं कशी पातळ झाली आहेत. नक्षी बघा, बोटानं मऊ केलेली. हे दुकानात होत नाही. याला दीडशे वर्षं लागतात आणि कष्टाचा हात लागतो. जी झिजली नाही ती कुणी घातली नाही, आणि जी घातली नाही ती कसली जुनी? नुसती पडून राहिलेली."

भवनाच्या प्रमुखानं विचारलं, सतरा नंबर कुणाचा. तिसऱ्या रांगेतून रिस्ती उठली. ऐंशी किलोमीटर दुधाच्या गाडीत बसून आली होती, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

"विहीणबाई, तुमचीच आहे ती," रिस्ती म्हणाली. "तुम्ही नव्हती का दिली? आमच्याकडच्या बायका म्हणतात, हिला चमच्याचा वास येतो. मला बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं, पण मार्झियाला बोलतात, आईनं फसवलं म्हणून. पोरगी एवढी वर्षं खाली मान घालून बसते. म्हणून म्हटलं, न सांगता यावं. आता तुम्ही नाव न बघता सांगितलंत. आता बघते कोण बोलतंय ते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला. तो आजही भवनात लागलेला आहे. त्यात रिस्ती हसते आहे आणि उल्मेकेनचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसासारखा दिसतो. खाली तिचं नाव आहे, ठळक अक्षरांत.

त्यानंतर चार दिवस ती जेवली नाही. मला वाटलं, लेकीच्या खाली घातलेल्या मानेचं मनाला लागलं असेल. लागलंही असेल. पण मला तिनं सांगितलं ते वेगळंच. जिल्ह्याच्या संग्रहालयातून फोन आला होता, अंगठीचा धातू तपासायला माणूस येणार होता. तेजाबाचा एक थेंब पडला की सहा चमचे उघडे पडणार, आणि ज्या नाकावर गाव चाललं ते नाकही जाणार. "गाल खोटा निघाला, नाक खोटं निघालं," ती म्हणाली, "आता निदान अंगठी तरी खरी असू दे." पाचव्या दिवशी सकाळी तिनं पेटीतला कापूस उचलला आणि आम्ही निघालो.

रिस्ती बाउर्साकची, म्हणजे तळायच्या गोळ्यांची, कणीक मळत होती. आम्हाला बघून तिला कोण आनंद. मार्झिया उंटिणींकडे गेली होती. उल्मेकेननं चहाही घेतला नाही. तिनं कापूस सोडला आणि सासूबाईंची अंगठी ओट्यावर ठेवली. दर महिन्याला दंतमंजनानं घासलेली ती अंगठी लखलखत होती.

"ही घ्या आणि ती मला द्या," ती म्हणाली. "खरी ही आहे."

रिस्तीनं पिठाचे हात झटकले, अंगठी उचलली, गालाला लावली, हुंगली. मला हसू आवरेना. मग तिनं आतल्या बाजूनं बोट फिरवलं.

"छान आहे हो. पण नवी आहे. आत कुठं घासलेली नाही. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

"रिस्ती, तुमच्या बोटात आहे ती चमच्यांची आहे. मी करवून घेतली. या सांदुगाशला विचारा, हिनंच लेंड्यांत पुरली होती."

"हो, मीच पुरली," मी म्हटलं. एकवीस वर्षांनी पहिल्यांदा खरं बोलले, तर रिस्ती पोट धरून हसायला लागली.

"तुम्हीही मनावर घेतलंत वाटतं आमच्या बायकांचं बोलणं? विहीणबाई, आता मला कुणी फसवायचं नाही. साऱ्या गावासमोर, नाव न बघता सांगितलंत तुम्ही. त्या संग्रहालयवाल्यालासुद्धा मी काल फोन करून सांगितलं, येऊ नका म्हणून. माझ्या विहिणीनं पाहिल्यावर आणखी कुणी बघायची गरज नाही."

उल्मेकेन बसली. जिथं बसली तिथं पिठाची चाळण होती, तिला ती बाजूला करण्याचंही भान नव्हतं. तिची अब्रू वाचली होती, आणि ती वाचवणाऱ्या बाईसमोर तिला मान वर करता येईना.

रिस्तीला तिची दया आली असावी. आणलेली वस्तू परत न्यायला लावणं बरं दिसत नाही, असंही तिला वाटलं असेल. तिनं चमच्यांची अंगठी हळूच बोटांतून उतरवली, अंगरख्याला पुसली आणि फळीवर उंच ठेवली.

"ही आता सणासुदीला घालीन, झिजायची भीती वाटते," ती म्हणाली. "तुमची ही नवी रोजच्या कामाला होईल."

आणि तिनं सासूबाईंची अंगठी दोन बोटांत चढवली, बाही वर केली आणि हात मनगटापर्यंत कणकेत घातला. उल्मेकेनचा हात तिला अडवायला पुढे झाला आणि तसाच मागे आला. नक्षीत पीठ भरलं. वरच्या खिडकीतून उजेड सरळ परातीवर पडत होता.

परतताना जाऊबाई रिकामा कापूस बोटांनी पिंजत बसल्या. मग म्हणाल्या, "रोज मळली तर वीस वर्षांत आतून झिजेल, नाही का गं?"

"झिजेल की," मी म्हटलं. "मग आणतील भवनात. तेव्हा तुम्हीच हुंगून सांगा, कुठल्या कारागिराची ते."